हार्मोनोग्राफ आणि एकदम फिट बसणारी रिंग

लंबकांच्या झोक्यावर नक्षी काढणारं यंत्र घरी करायचं, तर बेळगावात वजनांची काळजी नको. उद्यमबागेतल्या फौंड्र्यांचा रिजेक्ट माल भंगारात मिळतो, तो काठीच्या टोकाला बांधायचा. एक लंबक पेन हलवतो, दुसरा कागद. लाकूडकामही पटकन उरकलं. अडलं ते रिंगपाशी.

कागदाचा लंबक मला सगळीकडे गोल फिरणारा हवा होता. त्यासाठी काठी आणि टेबल यांच्यामध्ये लोखंडी रिंग लागते. वरून समोरासमोर दोन खळगे, त्यात काठीच्या खिळ्यांची टोकं टेकतात. खालून दोन खळगे, वरच्यांशी काटकोनात, ते टेबलातल्या टोकांवर बसतात. बस्स, एवढंच. सगळं नुसतं टेकलेलं, आवळलेलं काही नाही.

लेथवाल्याला हे चित्र काढून दिलं. "उद्या या की ओ." उद्या गेलो तर करंट नाही. मग कुणाची तरी अर्जंट ऑर्डर. मग टर्नर गावी, जत्रेला. शेवटी रिंग हातात आली, तर तिला आरपार भोकं आणि त्यात बोल्ट! वर अभिमानाने विचारतो, "बघा, हालालंय काय कुठं? एकदम फिट." अहो, हालायलाच पाहिजे ना! त्या बोल्टच्या घर्षणाने लंबक अर्ध्या मिनिटात थांबला, कागदावर चार-पाच लंबुळक्या रेघा. पुन्हा समजावलं, तर म्हणे, "मग ते निसटून पडंल की ओ. ग्रीस घालून देऊ काय?" खरं सांगतो, आपल्या गावात घट्ट बसवणारे पैशाला पासरी, सैल टेकवून देणारा मिळत नाही.

मिळाला तो रविवार पेठेत, तराजू दुरुस्त करणारा. चित्र बघून म्हणाला, "काट्याची दांडी धारेवर बसती, तसंच की हे." पंच आणि कानस घेऊन माझ्यासमोरच खळगे पाडून दिले. आता एक चित्र तीन मिनिटं चालतं. तेव्हा थेट काटेवाल्याकडेच जा.

पेन जेलचं घ्या, बॉलपेन दाबावं लागतं. पंखा बंद. लांबीचं सांगायचं राहिलं: एका लंबकाचे दोन झोके होईतो दुसऱ्याचे तीन हवे असतील, तर लांबी 90 आणि 40 सेंटिमीटर धरा, कारण झोक्याचा वेळ लांबीच्या वर्गमुळावर ठरतो. मग वजन जरासं वरखाली सरकवा. गुणोत्तर किंचित चुकलं की नक्षी सावकाश फिरत जाते आणि तीच जास्त देखणी दिसते.

रिंगचा नादच नको असेल, तर स्कॉटिश गणितज्ञ ह्यू ब्लॅकबर्नचा 1844 चा लंबक करा. दोरी इंग्रजी वाय अक्षरासारखी बांधायची, खाली बाटली उलटी टांगायची, बुचाला भोक, आत रांगोळी. फक्त पावसाळ्यात करू नका. आपल्याकडच्या दमट हवेत रांगोळी भोकातच बसते.