‘नमुना आणा, मग पत्र देऊ’

मी कॉलेजची विद्यार्थिनी आहे, एवढं सांगणारं एक पानाचं पत्र. त्याच्यापायी माझं संशोधन सुरू होण्याआधीच अडून बसलं. राग अजून पुरता गेलेला नाही. पण गोव्यात मानसशास्त्रात बी.ए. करणाऱ्या आणि पुढे एम.ए. किंवा पीएच.डी.चा विचार करणाऱ्या मुलामुलींचा वेळ त्या काउंटरवर जाऊ नये, म्हणून लिहितेय.

ज्यांच्या प्रकल्पात हाताखाली काम करता येईल असे संशोधक मिळणं तसं सोपं गेलं. आपल्याकडे ‘संगाथ’ ही संस्था १९९६पासून मानसिक आरोग्यावर काम करते. नैराश्यावरच्या छोट्या समुपदेशनाची त्यांची चाचणी गोव्यातल्याच १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ४९५ रुग्णांवर झाली आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’ या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. आपण पुस्तकात परदेशातले प्रयोग पाठ करतो आणि जगभर वाचलं जाणारं काम आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात झालेलं असतं! तो निबंध वाचला आणि गोव्यात असं काम करणाऱ्या निरनिराळ्या संशोधकांचे लेख शोधून त्यांना ईमेल लिहायला लागले. ‘मला तुमच्याकडे शिकायचं आहे’ एवढंच लिहिलंत तर उत्तर येत नाही. त्यांच्या लेखातला एक नेमका प्रश्न विचारा आणि तुम्हाला काय येतं ते सांगा. मी लिहिलं होतं, मराठी-कोकणी मुलाखती ऐकून देवनागरीत उतरवून देईन, एक्सेल येतं, शनिवार मोकळा असतो. वृद्धांच्या एकटेपणावर काम करणाऱ्या एका बाईंनी बोलावलं.

त्यांची अट रास्त होती. लोकांनी विश्वासाने सांगितलेलं रेकॉर्डिंग मी ऐकणार, तर आधी माझं नाव नीतिमत्ता समितीच्या, म्हणजे संशोधनात माणसांचं हित जपलं जातंय ना हे पाहणाऱ्या समितीच्या, कागदावर चढायला हवं. त्यासाठी कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीचं पत्र लागणार होतं.

इथून पुढे सगळं थांबलं. आमच्या ऑफिसात दोनच छापील नमुने होते, बोनाफाईड आणि इंटर्नशिप. बोनाफाईडवर कारण म्हणून बसचा पास चालतो, शिष्यवृत्ती चालते, ‘संशोधन प्रकल्प’ चालत नाही. इंटर्नशिपचं पत्र समितीला चालेना, कारण त्यात गोपनीयतेचा शब्दही नव्हता. काउंटरवरून उत्तर आलं, “बाय, तांचो नमुनो हाड, मागीर पळोवया.” नमुना मागायला प्रकल्पाकडे गेले, तर ते म्हणाले, कॉलेजने काय लिहायचं ते आम्ही कसं सांगणार, पत्र कॉलेजचं स्वतःचं हवं. परत ऑफिसात. “आर्ट्सच्या मुलांना कसलं संशोधन? तुमचं प्रॅक्टिकल जर्नलमध्ये होतं ना?” मग प्राचार्य रजेवर गेले आणि प्रभारींनी सही करायला नकार दिला. मग सत्र परीक्षा आल्या. मग अर्ज ‘वर गेलाय’ असं कळलं, पण वर म्हणजे कुणाच्या टेबलावर, ते कुणीच सांगेना. सरळ ‘नाही’ म्हणाले असते तर मी दुसरी वाट शोधली असती. नुसतं लटकवून ठेवणं फार वाईट, आणि विद्यार्थ्याला ते निमूट सोसावं लागतं याचा मला खरोखर संताप येतो. तिकडे मुलाखती होत होत्या आणि त्या दुसरंच कुणी उतरवत होतं.

बाबा म्हणाले, “कुणाची ओळख काढू का?” मी नको म्हटलं. माझं काम झालं असतं, पण पुढच्या वर्षी डिचोलीहून किंवा काणकोणहून येणाऱ्या मुलीकडे ती ओळख असेलच असं नाही.

वाट काढली ती आमच्या विभागप्रमुख मॅडमनी. त्या म्हणाल्या, “नमुना नाही ना? मग मसुदा तूच लिही.” मी चार वाक्यं टाइप केली: ही आमच्या तिसऱ्या वर्षाची नियमित विद्यार्थिनी आहे, ती अमुक प्रकल्पात अमुक काळ काम करणार आहे, विभागाला याची माहिती आहे व संमती आहे, प्रकल्पाचे गोपनीयतेचे नियम तिच्यावर बंधनकारक राहतील. मॅडमनी खाली शिफारस लिहून सही केली. तो कागद मी आवक विभागात दिला आणि माझ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख घेतली. तो क्रमांक हातात आल्यावर चौकशीचा सूरच बदलला. “माझ्या पत्राचं काय झालं” असं विचारण्याऐवजी क्रमांक सांगता येतो, आणि कागद कुठे आहे ते त्यांना शोधावंच लागतं. सही-शिक्क्याचं पत्र मिळालं तेव्हा व्हरांड्यात उभी राहून मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

हे सगळं सत्र परीक्षेच्या बरंच आधी सुरू करा. विभागप्रमुखांकडे पहिल्याच दिवशी जा, ऑफिसात नंतर.

काम मात्र मनासारखं मिळालं. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला चार-पाच तास सहज जातात, त्यात आजोबा एकाच वाक्यात कोकणीतून मराठीत आले की आणखी. सगळ्यात जास्त शिकले ते ओळख पुसण्याबद्दल. नाव काढलं, गावाचं नाव काढलं, तरी ‘देवळामागे माझं दुकान होतं, थोरला मुलगा बोटीवर’ एवढ्यावरून सत्तरी तालुक्यातलं अख्खं गाव माणूस ओळखतं. मोठ्या शहरासाठी पुरणारे नियम इथे अपुरे पडतात. यावर बाईंशी झालेली चर्चाच पुढे माझ्या उद्देशपत्राचा (प्रवेशअर्जासोबतच्या ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’चा) गाभा झाली. मराठी-कोकणी येणं हे संशोधनात खरं कौशल्य आहे, ते अर्जात ठसठशीत लिहा.

आठवलं तसं आणखी थोडं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) एसटीएस ही छोट्या संशोधनासाठीची शिष्यवृत्ती वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी आहे, तिच्या मागे लागू नका. समुपदेशकाच्या खोलीत बसून पाहण्याला निरीक्षण म्हणतात. संशोधनाचा अनुभव म्हणून दाखवायचा, तर माहिती गोळा करणं, उतरवणं, तपासणं यात तुमचा हात लागलेला हवा. तुमच्या स्वतःच्या प्रकल्पात पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरणार असाल, तर लक्षात ठेवा, नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. कुणी ‘हो’ म्हटलं तर लगेच कुणाला कळवायचं, ते पहिला फॉर्म भरून घेण्याआधी ठरलेलं हवं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक जवळ ठेवा, पण तेवढ्यावर भागवू नका.

सीयूईटी-पीजी या एम.ए.च्या प्रवेश परीक्षेच्या पेपरात या अनुभवाला गुण नाहीत. अमेरिकेतल्या पीएच.डी.साठी मात्र तो फार बघतात, आणि तिथल्या बऱ्याच विभागांची मुदत डिसेंबरच्या सुरुवातीला संपते, म्हणून शिफारसपत्राचं गणेशचतुर्थीच्या सुमारासच विचारून ठेवा. तिथली काही विद्यापीठं आपली तीन वर्षांची पदवी धरत नाहीत, तेही आधी तपासा. आपल्याकडच्या चार वर्षांच्या पदवीच्या नव्या रचनेत चौथं वर्ष संशोधनासह करायचं असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. तिथेही बाहेरच्या संस्थेत काम करायचं झालं तर पत्र लागेलच. वरची चार वाक्यं उतरवून घ्या.