एका ओळीचा शेरा

झोप येत नाहीये. माझा संशोधन प्रस्ताव परत आला. परीक्षकाचा शेरा एका ओळीचा: काम नेटकं, नावीन्य बेताचं. नेटकं! तिसरीतल्या पोरीच्या शुद्धलेखनाच्या वहीवर मारतात तसं.

अपर्णा म्हणाली, "सोड गं." आईला सांगितलंच नाही. तिथून भलतंच निघालं असतं.

उद्या वर्गात विद्युत अपघटनी द्रावणं, म्हणजे वीज वाहून नेणारी, घ्यायची आहेत, म्हणून स्वीडिश शास्त्रज्ञ अऱ्हेनियसची टिपणं काढली आणि तिथेच अडकले. १८८४, उप्साला, वय पंचवीस. मीठ पाण्यात विरघळलं की वीज न सोडताही त्याचे भारित कण सुटे होतात, या विचाराचं बीज त्याच्या प्रबंधात होतं. प्राध्यापक क्लीव्हना तो आपला नवा सिद्धांत सांगायला गेला, तर ते 'छान आहे' म्हणून निरोप देऊन मोकळे. प्रबंधाला श्रेणी इतकी खालची, की विद्यापीठात शिकवण्याची वाटच बंद व्हावी. नेटकं, नावीन्य बेताचं!

त्याने प्रती पोस्टाने पाठवल्या. क्लॉसियस, लोथार मायर, व्हान्ट हॉफ, ओस्टवाल्ड, सगळे बाहेरदेशचे नावाजलेले शास्त्रज्ञ. आणि ओस्टवाल्ड चक्क रीगाहून उठून उप्सालाला आला. माझ्यासाठी कोण उठून येणार? शेजारच्या विभागातलं कुणी येत नाही.

पुढे १८८७ मध्ये त्याने सगळं नीट मांडलं. मिठाचं द्रावण तेवढ्याच रेणूंच्या साखरेपेक्षा गोठणबिंदू जवळजवळ दुप्पट खाली आणतं, कारण एकाचे दोन कण झालेले असतात. हे फळ्यावर लिहिताना मला अजूनही मजा येते. १९०३ मध्ये नोबेल. इथवर वाचताना जणू माझाच सूड उगवला जात होता.

मग १९०६. नोबेल समितीने आवर्तसारणीवाल्या मेंडेलीव्हचं नाव सुचवलेलं, अकादमीने पारितोषिक दिलं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मुआसाँला. त्यामागे अऱ्हेनियसचा मोठा हात होता म्हणतात. मेंडेलीव्हला याचा विचरण सिद्धांत, तोच भारित कण सुटे होण्याचा, कधी पटला नव्हता ना! पुढच्या फेब्रुवारीत मेंडेलीव्ह गेलासुद्धा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ नर्न्स्टलाही यानेच वर्षानुवर्षं अडवलं, १९२० चं पारितोषिक मिळेपर्यंत. एकेकाळचा दोस्त तो.

हसायलाच आलं. एवढं सोसलेला माणूस, आणि हे.

कारण टेबलावर एका पोराचा प्रस्ताव पडलाय, माझ्याकडे परीक्षणाला आलेला. शुक्रवारपर्यंत द्यायचाय. आलेख गचाळ, अक्षांवर एककं नाहीत. पण तिसऱ्या पानावरची कल्पना वाचून पोटात खड्डा पडला. ही मला सुचायला हवी होती. संध्याकाळपासून मी एककांवरच बोट ठेवून बसलेय, तेवढंच सोपं आहे म्हणून.

चार ओळी तरी लिहीन. तिसऱ्या पानाबद्दल आधी, एककांबद्दल नंतर. आलेखांवरून मात्र झापणारच, तेवढं सुख मला हवंय.