गच्चीवरून हायड्रोजनची रेषा टिपताना

आकाशगंगेतला हायड्रोजन वायू १४२०.४ मेगाहर्ट्झवर, म्हणजे २१ सेंमीच्या रेडिओलहरीवर, जो सिग्नल सोडतो त्याला हायड्रोजनची रेषा म्हणतात. तो टिपायला मोठी डिश लागत नाही. १९५१ साली युएन आणि पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञांनी तो पहिल्यांदा पकडला, तोही प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर बसवलेल्या हॉर्न, म्हणजे नरसाळ्यासारख्या, अँटेनानेच.

मी १५ सेंमी व्यासाचा, ३० सेंमी लांब पत्र्याचा डबा घेतला आणि तोंडाला ॲल्युमिनियमचं नरसाळं जोडलं. बंद तळापासून ९.३ सेंमीवर भोक पाडून एन-कनेक्टर (रेडिओ केबल जोडायचं सॉकेट) बसवला, त्याला आतून ५ सेंमीची तांब्याची तार सोल्डर केली. व्यासात तडजोड चालत नाही. १२ सेंमीच्या डब्यातून २१ सेंमीची लहर पुढे सरकतच नाही.

लो-नॉइज ॲम्प्लिफायर (स्वतःचा गोंगाट फारसा न मिसळता सिग्नल वाढवणारा) आणि फक्त १४२० मेगाहर्ट्झच्या आसपासचं आत सोडणारा फिल्टर डब्याला लागूनच हवेत. आरजी-५८ प्रकारची १० मीटर बारीक रेडिओ केबल मध्ये आली तर निम्म्याहून जास्त सिग्नल तिथेच जातो, आणि तो नंतर कितीही वाढवला तरी परत मिळत नाही. फिल्टर नसेल तर मोबाइल टॉवर रिसीव्हर भरून टाकतात. आरटीएल-एसडीआर, म्हणजे संगणकाला लावायचा रिसीव्हर डोंगल, याचा बायस-टी (केबलमधूनच वीज पाठवणारी सोय) सॉफ्टवेअरमधून सुरू करायचा, नाहीतर ॲम्प्लिफायरला वीजच मिळत नाही.

रिसीव्हर १४२०.० वर ट्यून केला, म्हणजे आलेखात मधोमध रिसीव्हरमुळेच येणारा खोटा काटा रेषेपासून ४०० किलोहर्ट्झ लांब राहतो. हंस तारकासमूह डोक्यावर असताना दहा मिनिटांची सरासरी घेतली. आकाशगंगेपासून दूरच्या आकाशाची तशीच नोंद घेऊन पहिलीला तिने भागलं, तेव्हा कुठे फिल्टरचा उंचवटा गेला आणि हायड्रोजनचा दिसला. खात्रीची कसोटी एकच: ताऱ्यांप्रमाणे हा उंचवटाही रोज चार मिनिटं लवकर यायला हवा. रेडिओ गोंगाट करणारा शेजारच्या दिव्याचा एलईडी ड्रायव्हर घड्याळाप्रमाणे चालतो, ताऱ्यांप्रमाणे नाही.

परग्रहावरच्या सिग्नलचा शोध याच साहित्याने सुरू करता येतो, पण गणित बदलतं. हायड्रोजन आकाशभर पसरलेला असल्याने हॉर्नला दिसणारा सगळा भाग व्यापतो. परग्रहावरचा प्रक्षेपक हा बिंदू असतो, त्याला टिपायला अँटेनाचं क्षेत्रफळच लागतं. १९६० मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी अशा सिग्नलच्या शोधाच्या ओझ्मा प्रकल्पासाठी २६ मीटरची डिश वापरली ती त्यामुळेच. शिवाय अशा प्रक्षेपकाची काही हर्ट्झ रुंदीची रेषा पृथ्वीच्या फिरण्याने पुण्याच्या अक्षांशावर सेकंदाला ०.१५ हर्ट्झपर्यंत सरकते. जागची न हलणारी रेषा बहुधा घरातलीच. मात्र साधा डोंगल तापला की त्याचं घड्याळच सरकतं, आणि दशलक्षात एका भागाचा फरक म्हणजे इथे १४२० हर्ट्झ. म्हणून डिशवर खर्च करण्याआधी मी जीपीएसला बांधलेला ऑसिलेटर, म्हणजे रिसीव्हरसाठी अचूक घड्याळ, घेईन.