बारावीनंतर लॉ? पण क्लॅट बारावीच्या आधीच येते

‘आधी बारावी होऊ दे, मग लॉच्या एन्ट्रन्सचं बघू’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि त्यातच एक वर्ष हातचं जातं. क्लॅट म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा. 2026 च्या प्रवेशांसाठीची क्लॅट झाली 7 डिसेंबर 2025 ला. त्याच्या पुढच्या रविवारी, 14 तारखेला, आयलेट, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची स्वतःची परीक्षा. या दोन्ही परीक्षा बोर्डाच्या लेखी पेपरांच्या आधी. बोर्डाचे पेपर संपवून जो जागा होतो, त्याच्यासाठी मुख्यतः एमएच-सीईटी लॉ, म्हणजे महाराष्ट्राची विधी प्रवेश परीक्षा, उरते. म्हणून निर्णय अकरावीच्या सुट्टीत घ्यावा.

निर्णय परीक्षेचा नसतो, कॉलेजचा असतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठ हवं असेल तर क्लॅट. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली आपली तिन्ही विद्यापीठं त्यातच येतात. दिल्लीचं मात्र फक्त आयलेटवर. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय किंवा पुण्याचं आयएलएस डोळ्यासमोर असेल तर एमएच-सीईटी. फीचं गणितही आधीच मांडा: विधी विद्यापीठांचा खर्च वर्षाला लाखांत जातो. आणि मराठी माध्यमातल्या मुलांनी हे लक्षात ठेवावं, की एमएच-सीईटीचा पेपर मराठीतूनही देता येतो. क्लॅट फक्त इंग्रजीत.

क्लॅटमध्ये 120 मिनिटांत 120 प्रश्न, चुकीला पाव गुण वजा. पण खरा भार प्रश्नांचा नाही, वाचनाचा आहे. उतारे साडेचारशे शब्दांपर्यंतचे, एकेकावर चार-सहा प्रश्न. म्हणजे दोन तासांत दहा हजारांच्या आसपास शब्द वाचायचे, त्यावर विचार करायचा आणि उत्तरपत्रिकेवरचे गोळेही भरायचे. म्हणून पहिले तीन महिने क्लासच्या नोट्सपेक्षा इंग्रजी वर्तमानपत्राचं संपादकीय पान जास्त कामाचं. रोज दोन लेख घड्याळ लावून वाचा आणि लेखकाचा मुद्दा एका ओळीत लिहा. ती ओळ जमत नसेल तर वाचन झालेलंच नाही.

क्लॅटच्या लीगल रीझनिंगमध्ये, म्हणजे दिलेला नियम प्रसंगाला लावायच्या भागात, हुशार मुलंही फसतात ती स्वतःच्या न्यायबुद्धीमुळे. समजा नियम दिलाय: दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीशिवाय जाणं म्हणजे अतिक्रमण, मग नुकसान होवो न होवो. प्रसंग असा, की एक मुलगा चेंडू आणायला शेजाऱ्याच्या अंगणात शिरतो, एक फूलही तुडवत नाही आणि लगेच परततो. ‘बिचाऱ्याने काही बिघडवलं नाही’ म्हणून ‘अतिक्रमण नाही’ ला खूण केली की गुण गेला. नुकसानीचा मुद्दा नियमानेच बाद केलाय. दिलेला नियम तुम्हाला पटत नसला तरी उत्तरापुरता तोच कायदा.

एमएच-सीईटीची प्रकृती वेगळी. ती संगणकावर होते आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडणं हा निव्वळ तोटा. घटनेची कलमं, कायद्यातल्या संज्ञा असे थेट प्रश्न येतात. इथे जुनं गाइड घात करतं: 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतलीय आणि कलमांचे आकडे बदललेत. मोठ्या भावाचं पुस्तक वारशाने आलं असेल तर आधी एवढं तपासा.

क्लॅटमध्ये अंदाज मारावा का? चारांपैकी दोन पर्याय खात्रीने कटले तर जरूर, सरासरी 0.375 गुण पदरात पडतो. एकही कटला नाही तर हिशेब 0.0625 वर येतो, त्यासाठी उताऱ्यात मिनिट घालवण्यात अर्थ नाही. गणित दहावीच्या पातळीचं, 10 ते 14 प्रश्नांचं. टक्केवारी, गुणोत्तर आणि तक्ते वाचणं पक्कं असलं की पुरे. कॉमर्सवाले उगाच घाबरतात.

मॉक, म्हणजे सराव परीक्षा, सप्टेंबरपासून आठवड्याला एक, नोव्हेंबरात दोन. मॉक सोडवायला दोन तास लागत असतील तर तपासायला तीन ठेवा. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: उतारा नीट वाचला नाही, नियम सोडला, की वेळ संपली. गोळे भरायच्या ओएमआर शीटवरच सराव करा आणि उतारा संपला की लगेच त्याचे गोळे भरा. सगळे शेवटी भरायला ठेवले की एखादा सोडलेला प्रश्न विसरला जातो आणि पुढची अख्खी रांग एक घर सरकते.

अभ्यास होतो, कागद अडतात. राज्यातल्या राखीव जागांसाठी डोमिसाइल, म्हणजे रहिवासाचा दाखला, लागतं. जातीचा दाखला असेल तर जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत टाका, त्याला महिने लागू शकतात. नॉन-क्रीमी लेयर दाखल्याची मुदत प्रवेशाच्या वेळी संपलेली नाही ना, तेही बघा. आणि फॉर्ममधलं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच, स्पेलिंगसकट.