लोकं कुठल्या कुठे गेले, मामा!

“मामा, तुम्ही अजून नऊवरच?”

हिवाळ्यातली रविवारची दुपार, अमळनेरला बहिणीकडे. मागच्या अंगणात पऱ्हाट्यांवर भरिताची वांगी भाजत होती, धूर नेमका आमच्याच तोंडावर येत होता आणि भाचा माझ्या मोबाइलमध्ये माझं गाव तपासत होता. गाव म्हणजे ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ या मोबाइलवरच्या खेळातलं. टाउन हॉल ही त्या गावातली मुख्य इमारत, आणि ती कितव्या पायरीवर आहे यावर माणसाची पत. अशी मान हलवताना मी आजवर फक्त ऑडिटवाल्यांना पाहिलंय.

“लोकं सतराव्या टाउन हॉलला पोचले. आणि तुमचा नववा, तोही रश केलेला!”

रश म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. भिंती, तोफा, फौज सगळं शेवटच्या पायरीपर्यंत वाढवून, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘मॅक्स’ करून, मगच टाउन हॉलला हात लावायचा, असा तिथला शिष्टाचार आहे. तो मोडला की रश. मी मात्र बटण दिसलं की दाबत आलो. नव्या टाउन हॉलचा रंग बदलतो, तेवढीच मजा. अडीचशे भिंतींचा एकेक तुकडा सोन्यानं मढवत बसायला मी काही देवगिरीचा किल्लेदार नाही.

पण माझं डोकं अडकलं ते ‘लोकं’ या शब्दात. कोण लोकं?

भाच्याला विचारलं तर म्हणाला, “सगळेच. आमच्या क्लॅनमधले बघा ना.” क्लॅन म्हणजे एकत्र लढणाऱ्या खेळाडूंची टोळी, त्यात पन्नास जणांचीच जागा. हा तिथला को-लीडर. दर आठवड्याला जो लढाईत उतरला नाही, ज्यानं कुणाला फौज दिली नाही, त्याला हा हाकलतो. कुणाची परीक्षा असते, कुणाच्या घरी लग्न असतं, कुणाचा मोबाइल धाकट्या भावानं पळवलेला असतो. सगळे बाहेर. आणि मग उरलेल्या यादीकडे बघून हाच ठरवतो की हल्ली सगळेच रोज खेळतात! गाळणीत उरलेली भुकटी बघून चहा घट्ट झालाय म्हणावं, तसं.

वेळेचा हिशेबही असाच. “दिवसाला तास-दीड तास फक्त. एवढं तर होतंच, मामा.” माझा दिवस म्हणजे पाचोरा ते जळगाव अपडाऊन. सकाळच्या गाडीत जागा मिळाली तर एक अटॅक, तोही तीन मिनिटांचा, आणि म्हसावदच्या पुढे नेटवर्क गेलं की तो अर्ध्यावरच बुडतो. संध्याकाळी डोळे मिटतात. माझ्याकडे बिल्डर, म्हणजे गावातलं बांधकाम करणारे गडीही तीनच. त्यातला एक बहुतेक वेळा झोपलेला असतो, कारण त्याला काम द्यायचं मी विसरतो.

मला वाटायचं, मीच मागे पडलोय. पण हा सगळ्याच खेळांचा जुना घोळ आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा २००४चा खेळ. त्यातले जुने खेळाडू कायम शेवटच्या पातळीबद्दलच भांडायचे. तिथलं बक्षीस कमी, तिथला राक्षस सोपा. २०१०मध्ये तो खेळ काढणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांनी, माइक मोरहाइम यांनी, सांगितलं की खेळ फुकट चाखून पाहायला येणाऱ्यांपैकी जेमतेम तीस टक्के दहाव्या पातळीच्या पुढे जातात. तेव्हा पातळ्या होत्या ऐंशी! भांडण चाललेलं माडीवर आणि निम्म्याहून जास्त पाहुणे ओट्यावरूनच परत. त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीनं सुरुवातीचे जुने मुलुख नव्यानं रचले. ओट्याची डागडुजीच म्हणायची. त्याआधी २००६मध्ये नॅक्सरामास नावाचा चाळीस जणांनी मिळून लढायचा गड आणला होता. तो आतून इतक्या थोड्यांनी पाहिला की २००८मध्ये सोपा करून पुन्हा मांडावा लागला. जुने खेळाडू चिडले. आम्ही घाम गाळला आणि आता कुणीही आत शिरतो म्हणाले. त्यांचंही बरोबर असेल, पण तो ‘कुणीही’ म्हणजे मीच की!

जे सोडून गेले ते बोलायला थांबत नाहीत, ही खरी गंमत. दुसऱ्या दिवशी कंटाळून खेळ काढून टाकणारा कुणाला कळवून जात नाही. माझ्यासारखे रेंगाळणारे असतात, पण आम्ही गप्प. नवव्या टाउन हॉलवाल्यानं तोंड उघडलं की त्याला भिंतींबद्दल विचारतात.

हे सगळं मी भाच्याला ऐकवणार, तेवढ्यात बहिणीनं हाक मारली, “चाला रे जेवाले!” भरीत आणि कळण्याची भाकरी समोर आल्यावर वाद घालणारा माणूस खानदेशातला नव्हे.

पुढच्या आठवड्यात भाचा पाचोऱ्याला मुक्कामाला होता. त्याला कॉलेजला जळगावलाच जायचं होतं, म्हणून सकाळी माझ्यासोबतच निघाला. स्टेशनात मी सवयीनं चहाच्या टपरीच्या पुढे, तिसऱ्या खांबाशी जाऊन उभा राहिलो. तिथे आमचा डबा येतो. मागून दार उघडतं, आत डावीकडच्या बाकावर पासवाले सरकून चौथ्याला जागा करतात, पण पाचोऱ्याहून चढणाऱ्या ओळखीच्यालाच. हा महाशय जिन्यापाशी मोबाइल बघत थांबलेला. गाडी आली तेव्हा पळत पळत, दप्तर सावरत, कसाबसा लटकला.

“अरे, तिथे कशाला थांबलास?” मी चौथ्या सीटवरून वरच्या आवाजात म्हणालो. “डबा कुठे लागतो ते सगळ्यांना माहीत असतं!”

तो घामाघूम होऊन दाराच्या दांड्याला धरून उभा होता. माझ्याकडे बघत राहिला.

“किती वर्षं करताय अपडाऊन?”

“अकरा.”

“मग तुम्ही मॅक्स आहात, मामा.”

बाकावरचे तिघं हसले. त्यांना काय कळलं देव जाणे. मी जरा सरकून पाहिलं, पण बाकावर पाचवा काही मावेना. शिरसोली गेली तरी तो उभाच होता.