पोलादाची आतली घडण आणि चुंबकत्व: कॉइल, कानस आणि कोयता

मंडळी, कोअर्सिव्हिटी (चुंबकित पोलादाचं चुंबकत्व शून्यावर आणायला लागणारं उलटं क्षेत्र) मोजायची माझी मांडणी आता भरवशाची झाली आहे. तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा घातले तरी आकडे जुळतात, आणि मायक्रोस्कोपखाली जे दिसतं त्याच्याशी ते ताडून बघता येतात. म्हणून ही नोंद जरा लांबणार.

आधी कॉइल. आपल्या सांगली भागात विहिरी-बोअरच्या मोटारी सतत दुरुस्तीला येत असतात, त्यामुळे रिवाइंडिंगवाल्याकडे २२ गेजची एनॅमल तार वजनावर मिळते. १२० मिलिमीटर लांबीच्या नळीवर १२०० वेढे घेतले, तार साधारण साडेतीनशे ग्रॅम गेली. हिशोब सोपा पडतो: एक अँपिअरला दहा हजार अँपिअर प्रति मीटर. कडक पोलाद पुरतं चुंबकित करायला चार अँपिअर दोन-तीन सेकंद सोडतो. त्याहून जास्त वेळ ठेवलं तर कॉइल तापते. मग प्रवाह बंद, डीपीडीटी (दिशा उलटवणाऱ्या) स्विचने दिशा उलट, आणि हळूहळू वाढवत न्यायचा. तुकड्याच्या टोकाशी ४९ई हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र मोजणारी चिप) आडवा लावलाय, म्हणजे कॉइलचं अक्षावरचं क्षेत्र त्याला जवळजवळ दिसतच नाही, फक्त तुकड्यातून बाहेर पडणारं दिसतं. सेन्सर शून्यावर आला त्या क्षणीचा प्रवाह लिहायचा, झाली कोअर्सिव्हिटी.

या पद्धतीवर माझा जीव का जडला ते सांगतो. उघड्या टोकांच्या कांडीत तिचं स्वतःचं उलटं क्षेत्र तयार होतं, त्यामुळे बाकी सगळ्या मोजमापात कांडीचा आकार लुडबुड करतो. पण चुंबकन शून्य असतं तेव्हा ते उलटं क्षेत्रही शून्यच असतं. म्हणून कोअर्सिव्हिटीपुरता रिंग कापायचा, तिच्यावर दोन वाइंडिंग घ्यायचा खटाटोप वाचतो. ज्यांना पूर्ण बी-एच लूपच (क्षेत्र उलटसुलट फिरवताना चुंबकत्व कसं बदलतं त्याचा आलेख) काढायचा आहे त्यांनी मात्र जाड भरीव तुकड्यावर ५० हर्ट्झ लावू नये. पोलादात त्या फ्रिक्वेन्सीला क्षेत्र जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं, आणि एडी करंटमुळे (धातूत आतल्या आत फिरणाऱ्या प्रवाहांमुळे) फुगलेला लूप पाहून भलताच अर्थ निघतो. आणखी एक गोष्ट: कॉइल पूर्व-पश्चिम ठेवा. पृथ्वीचं आडवं क्षेत्र आपल्याकडे सुमारे ३० अँपिअर प्रति मीटर आहे. कानशीच्या पोलादाला त्याने काही फरक पडत नाही, मऊ लोखंडाला पडतो.

आता आकडे. बाजारातला एमएसचा (साध्या मऊ पोलादाचा) ब्राइट बार जसाच्या तसा घातला तर सहाशेच्या वर, तोच ॲनील केल्यावर (तापवून सावकाश गार केल्यावर) तीनशेच्या आसपास. रसायन तेच, फक्त थंड ओढकामात साठलेला ताण गेला आणि आतले स्फटिक-कण मोठे झाले. ईएन-८ हे मध्यम कार्बनचं पोलाद नॉर्मलाइज केलेलं (तापवून हवेत गार केलेलं) सातशे, तापवून पाण्यात बुडवलेलं दोन हजारांच्या वर. जुन्या कानशीचं पोलाद, ज्यात कार्बन एक टक्क्याच्या वर असतो, ते कडक अवस्थेत साडेचार हजारांपर्यंत गेलं. सगळे आकडे अँपिअर प्रति मीटर.

चुंबकत्वाचे डोमेन (एकाच दिशेने चुंबकित असलेले सूक्ष्म भाग) आणि त्यांच्यामधल्या भिंती आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. लोखंडात ही भिंत काही दशक नॅनोमीटर जाडीची असते. क्षेत्र उलटवलं की ती सरकते आणि वाटेत जे येईल त्याला अडते: कणांच्या सीमा, डिसलोकेशन (स्फटिकातले रेषेसारखे दोष), कार्बाइड (लोखंड-कार्बनची संयुगं), आतला ताण. मार्टेन्साइटमध्ये, म्हणजे तापलेलं पोलाद झटकन गार केल्यावर होणाऱ्या कडक रचनेत, हे सगळं ठासून भरलेलं असतं, म्हणून कोअर्सिव्हिटी चढते. कडकपणाही याच अडथळ्यांमुळे येतो, आणि त्यामुळे ‘जितकं कडक तितकं चुंबकाला चिवट’ हा ठोकताळा बऱ्याचदा बरोबर येतो.

मला जास्त रस आहे तो जिथे हा ठोकताळा कमी पडतो तिथे. त्यासाठी कानशीतूनच दोन तुकडे काढले. एक भट्टीत तापवून भट्टीतच सावकाश गार होऊ दिला. दुसरा ७०० अंशांच्या आसपास बराच वेळ धरून ठेवला. (कुपवाड एमआयडीसीतल्या एका हीट ट्रीटमेंट शॉपमधला मित्र त्यांच्या भट्टीच्या कोपऱ्यात माझे तुकडे ठेवू देतो, त्याचे उपकार मोठे आहेत.) दोन्हींत मार्टेन्साइटचा मागमूस नाही, कार्बन तोच, सिमेंटाइट (लोखंडाचं कडक कार्बाइड) जवळजवळ तितकंच. फरक फक्त आकाराचा. पहिल्यात पर्लाइट, म्हणजे फेराइट (जवळजवळ शुद्ध, मऊ लोखंड) आणि सिमेंटाइटचे एकाआड एक पातळ थर. दुसऱ्यात सिमेंटाइटचे सुटे गोल दाणे फेराइटमध्ये विखुरलेले.

१२० पासून २००० पर्यंत वॉटर पेपर, मग डायमंड पेस्ट, शेवटी दोन टक्के नायटल (अल्कोहोलमधलं नायट्रिक आम्ल). नायटल अगदी थोडं आणि ताजंच करा, बाटली घट्ट बंद करून ठेवू नका, आणि नायट्रिकचं प्रमाण वाढवायच्या फंदात पडू नका. काही सेकंदांत आरशासारखा पृष्ठभाग धुरकट होतो, तेवढ्यावर थांबून लगेच धुवायचं. पर्लाइटचा तुकडा ४०० पटीला बोटांच्या ठशासारखा दिसतो: रेषांचे गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याची दिशा वेगळी, मध्येच एखाद्या गठ्ठ्यात रेषा इतक्या जवळ की नुसता करडा डाग. दुसऱ्या तुकड्यात एकही रेष नाही, पांढऱ्या जमिनीवर बारीक गोल ठिपके.

कोअर्सिव्हिटी? थरांच्या तुकड्याची हजारावर, दाण्यांची सातशेच्या खाली. थर आडवा आला की भिंतीला तो लांबवर अडवतो, सुट्या दाण्याला वळसा घालून ती सुटते. कार्बन किती आहे एवढ्यावर भागत नाही, तो कोणत्या रूपात आणि कुठे बसलाय ते बघावं लागतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण एकाच कानशीच्या दोन तुकड्यांत स्वतः मोजून पाहण्याचा आनंद वेगळा आहे.

ठोकताळा कमी पडणारी दुसरी जागा टेम्परिंगची, म्हणजे कडक केलेलं पोलाद पुन्हा थोडं तापवण्याची. कडक कानशीचा तुकडा घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास ठेवला. रॉकवेलवर (कडकपणा मोजायच्या मापावर) कडकपणा एक-दोन अंकांनीच उतरला, कोअर्सिव्हिटी मात्र जवळजवळ पाव हिश्शाने. मार्टेन्साइटच्या जाळीत कोंबलेला कार्बन बाहेर येऊ लागतो, ताण सैल होतो, आणि भिंतींना ते आधी कळतं. पुढे, साधारण ३५० ते ५५० अंशांच्या पट्ट्यात, जास्त कार्बनच्या पोलादाचा आलेख सपाट होतो किंवा किंचित वरही वळतो, कारण नव्याने तयार होणारे सिमेंटाइटचे बारीक दाणे स्वतःच भिंती अडवायला लागतात. म्हणून नुसत्या कोअर्सिव्हिटीवरून ‘हा तुकडा किती अंशांना टेम्पर केलाय’ हे त्या पट्ट्यात ठामपणे सांगता येत नाही. बार्कहाउझेन नॉइजची (क्षेत्र बदलताना भिंती झटक्यांनी सरकतात त्याच्या आवाजाची) जोड लागेल असं माझं मत आहे. मार्टेन्साइटमध्ये तो आवाज दबका, मऊ रचनेत मोठा. कारखान्यांत ग्राइंडिंग करताना जळलेला भाग याच आवाजावरून शोधतात.

आता कोयता. तासगाव रस्त्याला एका लोहारकाकांचा भाता अजून चालू आहे. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून ते ऊसतोडीचे कोयते घडवतात. पाणी देताना फक्त धार बुडवतात, बाहेर काढून दगडावर घासतात, पाठीतली उष्णता धारेकडे येते तसा रंग सरकत येतो, आणि धारेवर पिवळा पोचला की पुन्हा बुडवतात. मी लोखंडी दांड्याच्या टोकाला चुंबक बांधून नेला होता. तापलेल्या पात्याला तो लागेना तेव्हा काकांना विचारलं, आता पाण्यात घालायचा का? ते म्हणाले, “न्हाय सर, अजून एक भाता मारायचा. ह्यो रंग कच्चा हाय.” बरोबर आहे त्यांचं. शुद्ध लोखंडाचा क्यूरी बिंदू (ज्याच्या वर त्याला चुंबक धरत नाही ते तापमान) ७७० अंश, पण या पोलादातल्या पर्लाइटचं ऑस्टेनाइट (जास्त तापमानातली, कार्बन विरघळवून घेणारी रचना) व्हायला त्याच्या आधीच सुरुवात होते आणि ऑस्टेनाइट चुंबकाला दाद देत नाही. चुंबक सुटला म्हणजे रूपांतर बऱ्यापैकी उरकलं, पण सगळा कार्बन विरघळायला आणखी थोडी उष्णता लागते.

मग मी त्यांना एक पट्टी न बुडवता तशीच हवेत धरायला सांगितली, दार लोटून अंधार केला. पट्टी केशरीवरून गडद तांबडी होत गेली, चुंबक लावला तरी पकडेना. आणि विझत आलेली ती पट्टी मधोमध पुन्हा उजळली. उजळलेला पट्टा कडांकडे सरकला, आणि त्याच वेळी चुंबक खटकन चिकटला. ऑस्टेनाइटचं पर्लाइट होताना सुटणारी उष्णता ती! भौतिकशास्त्रज्ञ बॅरेट यांनी १८७३ मध्ये वर्णन केलेली हीच रिकॅलेसन्स. काका म्हणाले, “हे रोजच बघतोय, पण चुंबक संगट धरतोय हे आज कळालं.”

त्यांच्याच एका मोडक्या कोयत्याच्या धारेला समांतर पट्ट्या कापल्या, भरपूर पाणी सोडत, कापताना तापू नयेत म्हणून. पृष्ठभागावर कार्बन जळून गेलेली फेराइटची पांढरी साल होती, ती घासून काढली. धारेच्या पट्टीची कोअर्सिव्हिटी पाठीच्या अडीचपट भरली. मायक्रोस्कोपखाली धारेत सुयांसारखं टेम्पर झालेलं मार्टेन्साइट, पाठीत पर्लाइट आणि कणांच्या सीमांवर फेराइटची बारीक किनार. मधल्या पट्टीत दोन्ही शेजारीशेजारी, आणि आकडाही मधलाच.

मारी क्यूरींचं अगदी पहिलं संशोधन याच विषयावर होतं, हे आपल्यातल्या अनेकांना माहीत असेल. पाणी देऊन कडक केलेल्या पोलादांच्या चुंबकीय गुणांवरचा त्यांचा निबंध १८९८ मध्ये छापून आला. या कामासाठी जागा शोधतानाच १८९४ मध्ये त्यांची पिएर यांच्याशी भेट झाली. टंग्स्टन पोलादाचे चुंबक त्या काळी मोलाचे होते, कार्बाइड आणि मार्टेन्साइटच्या जोरावर चालणारे. तशा पोलादाचा एक तरी तुकडा मला मोजायचा आहे.

पुढचं काम ठरलंय: कानशीचा तुकडा कॉइलमध्येच २५० अंशांपर्यंत तापवायचा. सिमेंटाइटचा क्यूरी बिंदू सुमारे २१० अंश, तिथे थरांचा तुकडा आणि दाण्यांचा तुकडा वेगळे वागतात का ते बघायचं. त्यासाठी नळी सिरॅमिकची लागेल, तीच शोधतोय. आणि कुणाकडे जुन्या हँडल फिरवायच्या टेलिफोनमधला नालाच्या आकाराचा चुंबक पडून असेल, मोडका का होईना, तर सांगा. सांगली, मिरज, इस्लामपूर, कुठेही येऊन घेऊन जाईन. कापायचा नसेल तर न कापता मोजून परत आणून देईन.