मिशिगन ते भोपाळ: लेकीला आणायला जाताना

पुण्याहून संध्याकाळी झेलम एक्स्प्रेसमध्ये बसलो तेव्हा आमच्याकडे पाच बॅगा होत्या. त्यातली एक फक्त कागदांची. सासूबाईंनी ती सीटखाली सरकवू दिली नाही, रात्रभर उशाशी घेऊन झोपल्या. "कपडे गेले तर नवे घेता येतील," एवढंच म्हणाल्या. २०२५ चा जानेवारी होता, आणि या गाडीत बसायला आम्हाला सव्वातीन वर्षं लागली होती.

ही वर्षं कशात गेली ते आधी सांगते, कारण खरा प्रवास तोच होता. आम्ही मिशिगनमध्ये राहतो. माझा नवरा अभिजित अमेरिकन नागरिक, मी ग्रीन कार्डवर, पासपोर्ट भारतीय. भारतातून मूल दत्तक घेऊन अमेरिकेला न्यायचं तर दोन्ही देशांचं सरकार मध्ये येतं, कारण दोघांनीही आंतरदेशीय दत्तकाचा १९९३ चा हेग करार मान्य केलेला आहे. भारताच्या बाजूला कारा, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरण. अमेरिकेच्या बाजूला इमिग्रेशन खातं आणि दूतावास. इथे पहिली मेख आहे आणि ती पुष्कळांना उशिरा कळते: हेगच्या मार्गाने अमेरिकेत अर्ज करायला नवराबायकोपैकी निदान एक जण अमेरिकन नागरिक लागतो. दोघंही एच-वन किंवा ग्रीन कार्डवर असाल तर आधी वकिलाशी बोला, मगच एजन्सीला पैसे द्या.

दुसरी मेख नातेवाइकांची. "आमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई आहेत, बाळ मिळवून देतील, घरीच होम करून दत्तकपत्र करू," असं आम्हाला निदान चार जणांनी सुचवलं. भावना चांगली होती. पण १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याखाली घरच्या घरी केलेल्या दत्तकावर अमेरिकेचा व्हिसा मिळेल असं समजू नका. मूल मांडीवर आणि व्हिसा नाही, अशी अवस्था होते. शिवाय ओळखीतून बाळ 'मिळवून देणं' हा सरळसरळ गुन्हा ठरू शकतो.

तर आम्ही सरळ वाटेने गेलो. २०२१ च्या दिवाळीआधी गृह अध्ययन, म्हणजे आमची आणि आमच्या घराची तपासणी, सुरू झालं. समाजसेविका घरी आल्या, धुराचे अलार्म वाजवून पाहिले, औषधांच्या कपाटाला कुलूप आहे का बघितलं. मग दोघांना वेगवेगळं बसवून बालपणाविषयी विचारलं. "लहानपणी मार खाल्लात का?" या प्रश्नाला अभिजितने अगदी निरागसपणे "हो, शाळेत छडी, घरी पट्टी" असं सांगितलं आणि पुढचा पाऊण तास त्यावरच गेला. खोटं बोलू नका, पण तयारीने बसा. अठरा वर्षांचे झाल्यापासून जिथे जिथे राहिलात तिथली तपासणी होते, तेव्हा राहिलेल्या पत्त्यांची यादी आजच लिहायला घ्या. अभिजितला ओहायोतल्या एका खोलीचा पत्ता आठवायला आठवडा लागला.

मग अपॉस्टिल, म्हणजे आपला कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का. मिशिगनमध्ये त्याचा सरकारी दर कागदामागे फक्त एक डॉलर आहे. सबंध प्रकरणातली एवढी एकच स्वस्त गोष्ट, म्हणून लक्षात राहिली.

मार्च २०२२ मध्ये काराच्या पोर्टलवर नोंद झाली. नवराबायकोच्या वयाची बेरीज तिथे मोजतात. दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर आता ती ८५ च्या आत लागते. आमची ७९ होती. त्यानंतर सुरू झाली निव्वळ वाट. या काळात काही करायचं नसतं असं वाटतं, पण तसं नाही. दत्तक पालक म्हणून अमेरिकेने दिलेली मंजुरी फक्त पंधरा महिने टिकते. मुदतवाढीचा अर्ज ती संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत करावा लागतो, आणि त्याला ताजं गृह अध्ययन जोडायचं असतं. आम्ही हे साफ विसरलो. मुदतीला तीन आठवडे उरले असताना मला अपरात्री आठवलं. समाजसेविका बिचाऱ्या रविवारी आल्या म्हणून निभावलं. मंजुरी आल्याच्या दिवशीच फोनमध्ये एक वर्षानंतरचा गजर लावा. बाकीचं नशिबावर सोडा, ही एक तारीख सोडू नका.

मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कुणीतरी "काय, गोड बातमी?" विचारायचं. पहिल्या वर्षी मी सगळी प्रक्रिया समजावून सांगितली. दुसऱ्या वर्षी मी नुसतं "मोदक घ्या" म्हणाले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पहाटे तीनला ईमेल आली. एक फोटो, बालकाचा अभ्यास अहवाल, वैद्यकीय अहवाल. मुलगी, सतरा महिन्यांची, भोपाळच्या एका शिशुगृहात. ९६ तासांत तिला आपल्यासाठी राखून ठेवायचं असतं. ऐकायला चार दिवस भरपूर वाटतात, पण त्यात शनिवार-रविवार आले की डॉक्टर कुठून आणायचा? आंतरदेशीय दत्तकाचे अहवाल वाचणारे बालरोगतज्ज्ञ असतात. त्यांच्याकडे वाट पाहण्याच्या काळातच नाव घालून ठेवा. आमच्या डॉक्टरांनी फोटोकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जन्माचं वजन १.६ किलो, त्यानंतरचं दर महिन्याचं वजन आणि डोक्याचा घेर, एवढेच आकडे कागदावर मांडले आणि म्हणाल्या, "रेषा वर जाते आहे, घाबरू नका." मी मात्र फोटोच बघत होते. तिच्या एका पायात मोजा नव्हता.

होकार दिल्यापासून ती हातात येईपर्यंत अकरा महिने गेले. आधीच्या दोन वर्षांपेक्षा हे अकरा महिने जड गेले, कारण आता वाट बघण्याला चेहरा होता. क्रम असा असतो: त्या मुलासाठी अमेरिकेची तात्पुरती मंजुरी, मग दूतावासाचं 'आर्टिकल ५' पत्र (पालक पात्र आहेत आणि मुलाला अमेरिकेत येता येईल असं सांगणारं), मग काराचं ना-हरकत प्रमाणपत्र, मग दत्तक आदेश. हा क्रम उलटासुलटा झाला की व्हिसा अडतो. आदेश पूर्वी कोर्ट देत असे, सप्टेंबर २०२२ पासून कायद्याने तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला आहे. आम्ही संस्थेच्या नावे मुखत्यारपत्र दिलं होतं, त्यामुळे त्यासाठी वेगळी खेप पडली नाही. आदेशानंतर आमच्या नावाचा जन्मदाखला, पासपोर्ट आणि कराराप्रमाणे सगळं झाल्याचं काराचं प्रमाणपत्र. ना-हरकत मिळाल्यावर भारतात राहून मुलाला आधीच सांभाळायला घेता येतं. रजा असेल तर जरूर घ्या. आमच्याकडे नव्हती, ती चुटपुट अजून आहे.

स्पेलिंगचं प्रकरण वेगळंच. नवऱ्याच्या पासपोर्टवर अभिजीत, लग्नाच्या दाखल्यावर अभिजित. इंग्रजीत दोन अक्षरांचा फरक. मसुदा आमच्याकडे वाचायला आला तेव्हा सासूबाईंनीच ते पकडलं. ते तसंच आदेशात गेलं असतं तर दाखला, पासपोर्ट, व्हिसा, सगळीकडे पाझरलं असतं. मसुदा मागून घ्या, आणि घरातल्या सगळ्यात खवचट माणसाला वाचायला द्या.

झेलम सकाळी भोपाळला पोचली. शिशुगृहात आम्हाला तीन दिवस येऊन-जाऊन भेटायला सांगितलं होतं आणि ते योग्यच होतं. पहिल्या दिवशी मावशींनी तिला न्हाऊमाखू घालून, काजळ लावून बाहेर आणलं. "देखो, मम्मी आई है." तिने माझ्याकडे पाहिलं, अभिजितकडे पाहिलं आणि जी किंकाळी फोडली! त्या घरात सगळ्या बायकाच. दाढीवाला बाप्या तिने जवळून कधी बघितलाच नव्हता. तीन दिवसांत ती माझ्या कडेवर आली, सासूबाईंच्या हातून वरणभात खाल्ला, पण अभिजित खोलीत आला की माझ्या खांद्यात तोंड खुपसायची. तो बाहेर व्हरांड्यात बसून राहायचा. तुमच्याकडेही बापाच्या वाट्याला हे आलं तर तो नकार समजू नका, आणि मूल जबरदस्तीने त्याच्या हातात देऊ नका.

आम्ही नावं आधीच ठरवून ठेवली होती, दोन-तीन. पण तिथे मावशींनी ठेवलेल्या नावाला ती वळून बघत होती. तेच ठेवलं. इथे लिहीत नाही, ते तिचं तिने सांगावं.

निघायच्या आदल्या दिवशी मावशींसोबत तासभर बसून मी वहीत उतरवून घेतलं: दूध किती वाजता, साखर किती, झोपवताना पाठ थोपटायची की तळपाय (तळपाय), कशाला घाबरते (मिक्सरला). हे कुठल्याच अहवालात नसतं. परवानगी घेऊन रात्रपाळीच्या मावशींचा आवाजही रेकॉर्ड केला. आणि एक मागून घ्या: मूल जे पांघरतं ते. सासूबाईंनी तीन वर्षांत जुन्या साड्यांची सुरेख गोधडी शिवली होती. लेकीने ती पायाने ढकलली. तिला हवं होतं ते विटलेलं लाल ब्लँकेट, ज्याला फिनेलचा आणि दुधाचा वास होता. पहिला महिना ते धुऊ नका. सासूबाईंना थोडं लागलं, पण दिल्लीत त्यांनीच लाल ब्लँकेटला फाटलेल्या कडेने टाका घातला.

भोपाळहून दिल्लीला आम्ही शताब्दीने गेलो. पहाटेची वंदे भारत लवकर पोचवते, पण त्या वेळेला झोपेतून उठवलेलं मूल आणि एवढ्या बॅगा हे गणित आम्हाला झेपणारं नव्हतं. जानेवारीत धुक्यामुळे ट्रेन आणि विमान दोन्ही बेभरवशाचे, तेव्हा दूतावासाच्या तारखेआधी दोन दिवस मोकळे ठेवाच.

दिल्लीत हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. आमचा मुक्काम दहा दिवसांचा झाला. दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी होते. दोन वर्षांवरच्या मुलाची क्षयरोगासाठी रक्ततपासणी असते आणि अहवाल लगेच येत नाही. ती सव्वादोन वर्षांची होती, म्हणजे अकरा महिने आधी आलो असतो तर ही सुई चुकली असती. सगळ्या लसी तिथल्या तिथे टोचून घ्याव्या लागत नाहीत. दहा वर्षांखालच्या दत्तक मुलांसाठी अमेरिकेत जाऊन लसी देऊ असं प्रतिज्ञापत्र करता येतं, ते आठवणीने विचारा.

रक्त काढलं त्या दिवशी ती खूप रडली. संध्याकाळी अभिजित काही न बोलता जमिनीवर, तिच्याकडे पाठ करून, मटार सोलत बसला. जानेवारीतले दिल्लीचे मटार, टच्च भरलेले. शेंग फुटल्याचा आवाज, पातेल्यात दाणे पडल्याचा आवाज. मी ओट्याशी उभी होते, हलले नाही. ती बराच वेळ लाल ब्लँकेट धरून बघत राहिली. मग सरकत सरकत आली आणि पातेल्यातला एक दाणा उचलून रिकाम्या शेंगेत परत ठेवला. त्याने पुढची शेंग उघडी करून मागे धरली, मान न वळवता. तिने त्यात दाणा ठेवला. असे दोघं तासभर बसले होते. पावशेर मटार सोलायला आणि परत भरायला तेवढा वेळ लागतोच.

मुक्कामाचे उरलेले दिवस घरात मटार भात, मटार उसळ, मटार पोहे.

दूतावासाची मुलाखत पंधरा मिनिटांत झाली. व्हिसा आयएच-३ आहे ना ते हातात पडताच बघा. दत्तक भारतात पूर्ण झालेलं असलं की तोच मिळतो आणि त्या व्हिसावर मूल अमेरिकेत पाय ठेवताच नागरिक होतं. त्यानंतरही दोन वर्षांत सहा अहवाल काराकडे जायचे असतात, पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी दोन. खर्चाचं थोडं भरूनही येतं: २०२४ मध्ये पूर्ण झालेल्या दत्तकासाठी अमेरिकेची कर सवलत १६,८१० डॉलरपर्यंत होती. प्रत्येक पावती ठेवा, रिक्षाची नको, बाकी सगळ्या.

विमानात ती ॲमस्टरडॅमपर्यंत झोपली. डेट्रॉईटला इमिग्रेशन अधिकाऱ्याने कागद बघितले, शिक्का मारला, तिला हात केला. मग कस्टम्स. ताजी फळं, भाजी काही आहे का? नाही, मी ठामपणे सांगितलं. तेवढ्यात लेकीने जॅकेटच्या खिशात हात घातला आणि मूठ उघडून कस्टम्सच्या अधिकाऱ्यापुढे धरली. सुकून सुरकुतलेले चार मटार आणि एक शेंग. त्याने गंभीरपणे ते काढून घेतले, आणि तिने डेट्रॉईट विमानतळ डोक्यावर घेतला. बापाच्या गळ्यात हात टाकून.

तेव्हा उतरायच्या आधी मुलांचे खिसे तपासा.